न्यूयॉर्कचं जेझुइट लॉ स्कूल, पन्नास तासांची विनामूल्य सेवा आणि सनद: माझा अनुभव

मी तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी दावे चालवायचे. विधी सेवा समितीच्या पॅनेलवरही होते. कर्जवसुलीच्या दाव्यांत एक गोष्ट सतत दिसायची. समन्स बजावल्याचा बेलिफाचा अहवाल दप्तरी असतो, प्रतिवादी एकदाही हजर नसतो, एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि दरखास्तीची, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची नोटीस घरी पोचली की माणूस पिशवी घेऊन वकिलाच्या दारात उभा राहतो. तोवर बहुतेक मुदती उलटून गेलेल्या असतात. या विषयाचा नीट अभ्यास करावा, दुसरीकडे हे कसं हाताळतात ते बघावं, म्हणून २०२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी करायचं पक्कं केलं. तिथपासून न्यूयॉर्कची सनद हातात पडेपर्यंत २०२५ चा फेब्रुवारी उजाडला. मधल्या काळात जे विचारायला जवळ कुणी सापडलं नाही, ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे.

न्यूयॉर्कमधल्या फोर्डहॅम विद्यापीठाचं लॉ स्कूल मी निवडलं ते त्यांच्या ब्रीदवाक्यामुळे नाही, हे आधी सांगते. ‘इतरांच्या सेवेसाठी’ असं ते ब्रीद आहे, आणि अशी वाक्यं पुष्कळ संस्थांच्या फाटकावर असतात. माझं लक्ष गेलं ते त्यांच्या फीरिक सेंटरकडे. जॉन फीरिक हे तिथले १९८२ ते २००२ या काळातले डीन. अमेरिकन राज्यघटनेच्या पंचविसाव्या दुरुस्तीच्या मसुद्यावर त्यांनी तरुणपणी काम केलं होतं. त्यांच्या नावाचं सामाजिक न्यायाचं हे केंद्र २००६ मध्ये सुरू झालं, आणि कर्जवसुलीच्या दाव्यांत वकील नसलेल्या माणसांना विनामूल्य सल्ला देणं हे त्याच्या मुख्य कामांपैकी एक. मला हवं होतं ते नेमकं हेच.

विद्यापीठ मुळात १८४१ चं, ब्राँक्समधल्या रोझ हिलवरचं. स्वतः आयर्लंडहून स्थलांतरित म्हणून आलेले बिशप जॉन ह्यूज यांनी ते काढलं आणि १८४६ पासून जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाने चालवलं. लॉ स्कूल १९०५ साली सुरू झालं. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत कॅथलिक लॉ स्कूलं उभी राहिली ती मुख्यतः आयरिश, इटालियन अशा स्थलांतरितांच्या मुलांसाठी. मोठ्या वकिली पेढ्यांची दारं तेव्हा त्यांना बंद होती. फोर्डहॅम लॉ स्कूलने १९१८ पासून स्त्रियांना प्रवेश दिला आणि १९२४ मध्ये रूथ व्हाइटहेड व्हेली तिथून पदवी घेऊन बाहेर पडल्या, तिथल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री पदवीधर. हा इतिहास मी प्रवेश अर्जासोबतच्या निवेदनासाठी वाचायला घेतला होता, पण वाचता वाचता जागेबद्दल आपुलकी वाटू लागली.

घरी मात्र पहिला प्रश्न वेगळाच होता. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, “अहो, कॅथलिक कॉलेज म्हणजे पोरीला रोज चर्चमध्ये जावं लागेल का?” नाही जावं लागत. अर्जात धर्म हा प्रवेशाचा निकष नसतो, प्रार्थनेची सक्ती नसते, अभ्यासक्रमात धर्मशास्त्राचा पेपर नसतो. माझ्या वर्गात सगळ्या धर्मांचे आणि कुठलाच धर्म न मानणारे विद्यार्थी होते. आपल्याकडे झेवियर्समध्ये शिकलेल्या कुणालाही विचारा, हाच अनुभव सांगतील.

अर्ज

अर्ज एलसॅक या संस्थेमार्फत जातो. तिथे खातं उघडायचं, आणि तुमच्या विद्यापीठाने गुणपत्रकांचा अधिकृत उतारा बंद, शिक्का मारलेल्या पाकिटातून थेट त्यांच्याकडे पाठवायचा. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो याच कामाने. माझ्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात सप्टेंबर २०२२ मध्ये अर्ज दिला आणि नोव्हेंबर संपत आला तेव्हा पाकीट निघालं. मध्ये कितीतरी खेटे घातले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढे न्यूयॉर्कची बार परीक्षा (वकिलीच्या सनदेसाठीची) द्यायचा विचार असेल, तर उताऱ्याचे दोन संच एकाच वेळी मागवा. न्यूयॉर्कच्या परीक्षा मंडळालाही तो थेट विद्यापीठाकडूनच लागतो, आणि त्यावर प्रत्येक वर्षी तुम्ही कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत शिकलात हे लिहिलेलं असावं लागतं. आपल्या उताऱ्यांवर सहसा फक्त परीक्षेचा महिना असतो. तारखांचं वेगळं पत्र मागून घ्यावं लागतं, आणि ते कुलसचिवांच्या किंवा परीक्षा नियंत्रकांच्या सहीचं हवं.

पात्रतेबद्दल ऐकीव माहितीवर जाऊ नका. भारतातली पूर्णवेळ तीन किंवा पाच वर्षांची पदवी असलेल्यांना मंडळ कधी थेट परीक्षेला बसू देतं, कधी अमेरिकेत एलएलएम करून उणीव भरून काढायला सांगतं. प्रत्येक प्रकरण स्वतंत्र तपासलं जातं. माझं कॉलेज सकाळच्या सत्राचं होतं, मला दुसरा मार्ग मिळाला. त्या मार्गाने जाणाऱ्यांनी विषय निवडताना काळजी घ्यायची असते: किमान २४ श्रेयांक, त्यात वकिली आचारसंहितेचे २, कायदेविषयक संशोधन आणि लेखनाचे २, अमेरिकन न्यायव्यवस्थेच्या ओळखीचे २ आणि बार परीक्षेतल्या विषयांचे ६. क्लिनिकच्या, म्हणजे प्रत्यक्ष पक्षकारांचं काम करण्याच्या अभ्यासक्रमांचे जास्तीत जास्त ४ श्रेयांक धरले जातात. म्हणून मी सेवेचं काम श्रेयांकांच्या बाहेर ठेवलं आणि वर्गातले विषय मंडळाच्या यादीप्रमाणे घेतले.

पैसे

फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रवेशाचं पत्र आलं. फी साठ हजार डॉलरच्या पुढची. सोबत काही शिष्यवृत्ती होती, पण भागण्यासारखी नव्हती. मी नम्रपणे ईमेल लिहिला, विधी सेवा समितीचं काम सांगितलं, बँकेने मंजूर करू शकणाऱ्या कर्जाचा आकडा दिला आणि रक्कम वाढवता येईल का ते विचारलं. तीन आठवड्यांनी थोडी वाढवून मिळाली. विचारायला संकोच वाटतो, पण विचारावं. असे ईमेल त्यांना नेहमीच येतात.

फी, भाडं, विमा, जेवण, प्रवास धरून माझा वर्षाचा खर्च साठ लाख रुपयांच्या आसपास गेला. डॉलर तेव्हा ८२-८३ रुपयांवर होता. बहुतेक रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेचं शैक्षणिक कर्ज, तारण आमचं घर. सह्या करताना बाबांचा हात क्षणभर थांबला, तो मला पुढे वर्षभर आठवत राहिला. तारणासाठी घराच्या मालकीचा शोध अहवाल, मूल्यांकन, नगरपालिकेची ना-थकबाकी, मंजूर नकाशा असं सगळं लागतं. यातलं जे जुनं आणि सापडणार नाही असं वाटतं ते जानेवारीतच शोधायला घ्या. फी परदेशी पाठवताना टीसीएस, म्हणजे बँकेने तिथेच वसूल करायचा आयकर कापला जातो. कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तेव्हा सात लाखांच्या वर अर्धा टक्का होता, स्वतःच्या खात्यातून पाठवली तर त्याहून बराच जास्त. म्हणून फी शक्यतो थेट कर्ज खात्यातून जाऊ द्या. कापलेली रक्कम विवरणपत्र भरताना परत मागता येते.

मे महिन्यात आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं प्रमाणपत्र आलं. सेव्हिसचं (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं) शुल्क ३५० डॉलर, व्हिसाचं १६० (जून २०२३ च्या मध्यापासून ते १८५ झालं). मुंबईत आदल्या दिवशी बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. “भारतात सनद असताना हे कशाला?” एवढाच खरा प्रश्न होता. मी एकतर्फी हुकूमनाम्यांबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि अधिकाऱ्याने पासपोर्ट ठेवून घेतला. जीव भांड्यात पडला.

पहिले महिने

ऑगस्टमध्ये पोचले. लॉ स्कूल मॅनहॅटनमध्ये लिंकन सेंटरला लागून, ६२व्या रस्त्यावर आहे. तिथे राहणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून ब्राँक्समध्ये फोर्डहॅम रोडजवळ एका घरात खोली घेतली. डी गाडीने कोलंबस सर्कल, तिथून चालत. त्याच महिन्यात सबवेचं तिकीट २.९० डॉलर झालं होतं. हा प्रवास लांबचा वाटला तरी पुढे त्याचा उपयोग झाला, कारण ज्यांचं काम मी करणार होते ती माणसं त्याच गाडीत माझ्या शेजारी बसलेली असायची.

अभ्यासाची पद्धत अंगवळणी पडायला ऑक्टोबर उजाडला. प्राध्यापक नाव घेऊन उभं करतात, वाचून आणलेल्या निकालाची वस्तुस्थिती विचारतात, मग ती थोडी बदलून पुन्हा विचारतात, पुन्हा बदलतात. इंग्रजी येत असूनही उत्तर ओठांवर यायला वेळ लागायचा. रात्री खोलीवर रडूही यायचं. ज्यांना असं होतं त्यांना एवढंच सांगते की ते ओसरतं, आणि वर्गात दुसऱ्याची फजिती मोजत कुणी बसलेलं नसतं.

पन्नास तास

न्यूयॉर्कमध्ये १ जानेवारी २०१५ पासून सनद घेणाऱ्या प्रत्येक नव्या उमेदवाराला, बार परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही, आधी किमान ५० तास विनामूल्य कायदेविषयक सेवा केल्याचं दाखवावं लागतं. काम कायद्याचंच हवं, वकिलाच्या देखरेखीखाली हवं, आणि गरजू माणसांसाठी किंवा ना-नफा संस्था, सरकारी कार्यालय अशांसाठी हवं. एलएलएम करणाऱ्यांना अभ्यासक्रम सुरू होण्याच्या आधीच्या एका वर्षातलं कामही धरता येतं, अगदी आपल्या देशात केलेलंही. विधी सेवा समितीत काम करणाऱ्यांनी निघण्याआधीच देखरेख करणाऱ्या वकिलांची सही घेऊन ठेवावी.

सप्टेंबरात मी नाव नोंदवायला गेले. तिथे सेवेच्या संधींसाठी वेगळा विभाग आहे आणि विद्यार्थ्यांनी चालवलेले गट आहेत: भाडेकरूंचे, आश्रय मागणाऱ्यांचे, कौटुंबिक हिंसाचाराचे. विद्यापीठाबाहेरही पुष्कळ काही चालतं. मॅनहॅटनमधल्या सेंट फ्रान्सिस झेवियर चर्चचं रविवारचं अन्नछत्र प्रसिद्ध आहे, माझ्या वर्गातल्या दोघी तिथे वाढायला जायच्या. ते पन्नास तासांत धरलं जात नाही, आणि मला तो नियम योग्य वाटतो. कायदा शिकलेल्याने कायद्याची सेवा द्यावी, कारण ती दुसरं कुणी देऊ शकत नाही. अन्नछत्रात जायचं ते तासांचा हिशोब न करता.

मी कर्जवसुलीचं सल्ला-शिबिर निवडलं. ते ज्यांच्या देखरेखीखाली चाललं त्या वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी सीमा आखून दिली: विद्यार्थ्याने ऐकायचं, कागद लावायचे, मसुदा करायचा, सल्ला मात्र वकीलच देणार. बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका असं त्या म्हणाल्या. भारतात सनद असली तरी इथे आपण विद्यार्थीच असतो, आणि तुमच्या तोंडून निघालेलं एखादं ‘असं करा’ सुद्धा चुकीच्या बाजूला जाऊ शकतं.

थोडी पार्श्वभूमी सांगते. क्रेडिट कार्डाची जुनी थकबाकी बँका कवडीमोल भावाने विकतात. विकत घेणाऱ्या कंपन्या हजारोंनी दावे लावतात. बजावणीचं काम आपल्यासारखं न्यायालयाच्या बेलिफाकडे नसतं, खासगी माणसं पैसे घेऊन ते करतात. काहींनी समन्स न देताच दिल्याची प्रतिज्ञापत्रं केली. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या तेव्हाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी अशा खोट्या बजावणीवर मिळवलेले लाखभर हुकूमनामे रद्द करावेत म्हणून न्यायालयात धाव घेतली होती. पुढे २०२१ मध्ये ग्राहक कर्जांसाठी नवा कायदा झाला आणि एप्रिल २०२२ पासून असा दावा लावण्याची मुदत सहा वर्षांवरून तीन वर्षांवर आली. आपल्याकडे पैशाच्या दाव्याला तीन वर्षं आहेतच, त्यामुळे हा भाग मला परका वाटला नाही.

आता एक प्रकरण. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ आले, आयुष्यभर इमारतींची देखभाल केलेले. बँकेचं कार्ड चालेना म्हणून बँकेत गेले, तर खातं गोठवलेलं. त्यांनी टेबलावर एक पिशवी ठेवली, आत रबराने बांधलेली पाकिटं. अर्धी न उघडलेली. स्पॅनिश दुभाष्या शेजारी बसलेला. मी पहिलं पाकीट फाडायला हात घातला, तशी वकीलबाईंनी मला थांबवलं आणि सगळी पाकिटं टपालाच्या शिक्क्याच्या तारखेप्रमाणे ओळीत लावायला सांगितली. उघडलेलं प्रत्येक पत्र त्याच्या पाकिटाला टाचायचं, पाकीट फेकायचं नाही.

कारण थोड्याच वेळात कळलं. खातं गोठवलं की बँकेने दोन कामकाजाच्या दिवसांत खातेदाराला एक अर्ज पाठवायचा असतो: माझ्या खात्यातला पैसा वसुलीतून मुक्त आहे, कारण तो सोशल सिक्युरिटीचा (सरकारी निवृत्तिवेतनाचा), पेन्शनचा किंवा तशा दुसऱ्या संरक्षित उत्पन्नाचा आहे. तो भरून परत द्यायची मुदत वीस दिवसांची, आणि ती मोजायची पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यापासून. त्यांचं ते पाकीट न उघडलेल्यांत होतं. शिक्का तेरा दिवसांपूर्वीचा.

आम्ही तिथेच अर्ज भरला. सरकारी पेन्शनच्या चौकटीत खूण, सही, खात्याच्या विवरणाच्या प्रती. एक प्रत बँकेला, एक वादीच्या वकिलाला, दोन्ही पोचपावतीच्या टपालाने. थेट जमा होणाऱ्या अशा पैशातली काही रक्कम कायद्याने आपोआप मोकळी राहते, पण त्यांची शिल्लक त्या मर्यादेच्या थोडी वर होती आणि वरचा भाग अडकला होता. तो भाग म्हणजे त्यांचं त्या महिन्याचं भाडं. मुदतीचे सात दिवस शिल्लक आहेत हे दुभाष्याने सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकून बसले. तोवर ते टोकावरच बसलेले होते.

पुढच्या आठवड्यात हुकूमनाम्याकडे वळलो. न्यायालयाच्या दप्तरातून बजावणीचं प्रतिज्ञापत्र काढलं. न्यूयॉर्कमध्ये त्यात कागद कुणाच्या हाती दिले त्या माणसाचं वर्णन लिहावं लागतं: स्त्री की पुरुष, अंदाजे वय, उंची, केसांचा रंग. यांच्या प्रतिज्ञापत्रात एका तरुण बाईचं वर्णन होतं, ‘घरातील नातेवाईक’ म्हणून. हे गृहस्थ एकटे राहत होते, आणि लिहिलेला पत्ता त्यांनी आधीच सोडलेला होता. नव्या घराचा भाडेकरार आणि विजेची बिलं पिशवीतच निघाली. मी मसुदा केला, वकीलबाईंनी लाल शाईने निम्मा खोडला, मी पुन्हा केला. आपल्याकडे एकतर्फी हुकूमनामा रद्द करायला जसं समन्स मिळालंच नाही किंवा गैरहजेरीला पुरेसं कारण होतं हे दाखवतो, तसंच इथे आहे. बजावणीच झाली नसेल तर न्यायालयाला अधिकारच पोचत नाही, आणि मग मूळ दाव्यात तुमचा बचाव काय हे त्या टप्प्यावर दाखवायची गरज उरत नाही. वर्गात अधिकारक्षेत्राचे निकाल मी पानंच्या पानं वाचले होते, पण ते मनात पक्के झाले ते या एका अर्जाने. हुकूमनामा रद्द झाला आणि कैफियत दाखल करायची संधी मिळाली हे मला डिसेंबरात, परीक्षेच्या धामधुमीत कळलं.

आणखी पुष्कळ जण आले. बहुतेकांचं काम याहून साधं असतं: समन्स मिळालंय, पुढे काय? ते हातात दिलं असेल तर उत्तराला वीस दिवस, दुसऱ्या कुठल्या मार्गाने बजावलं असेल तर तीस. शहराच्या दिवाणी न्यायालयात उत्तराचा छापील नमुना फुकट मिळतो, दाखल करायला शुल्क नाही. ‘हे कर्ज माझं नाही’, ‘रक्कम चुकीची आहे’, ‘मुदत उलटली आहे’ अशा चौकटी असतात. लागू असेल तेवढ्यावरच खूण करायची, कारण खाली सही तुमची असते. हे समजावून सांगायला अर्धा तास पुरतो, आणि त्या अर्ध्या तासाने एक एकतर्फी हुकूमनामा टळतो. आपल्याकडेही २००८ च्या बार कौन्सिलच्या नियमांनी प्रत्येक लॉ कॉलेजात विधी साहाय्य केंद्र हवं असं सांगितलं आहे. अशा एका टेबलाला, दोन विद्यार्थ्यांना आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या एका वकिलाला फारसा खर्च येत नाही. मला हे मनापासून वाटतं आणि माझ्या जुन्या कॉलेजला मी तसं लिहिलंही आहे.

पन्नास तास नोव्हेंबरातच पूर्ण झाले. मी मे पर्यंत जात राहिले.

त्या संस्थेचं कॅथलिकपण मला कुठे दिसलं असं विचारलं तर या शिबिरात दिसलं, आणि एकदा वर्गात. २०२४ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १४ फेब्रुवारीला आला होता. सकाळच्या तासाला निम्मे लोक कपाळावर राखेचा क्रूस घेऊन बसलेले, आणि त्याच दिवशी करार कायद्यावर जोरदार वाद चाललेला. जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी १९७३ मध्ये व्हॅलेन्सियात मांडलं होतं की आपल्या शाळांतून इतरांसाठी जगणारी माणसं घडली पाहिजेत. आमच्या प्राध्यापकांपैकी फार थोडे त्याचा उच्चार करायचे. पण शिबिराला जायचं आहे म्हणून तास लवकर सोडायची परवानगी मागितली तर कुणी कारण विचारत नसे.

परीक्षा आणि कागद

एलएलएमनंतर वर्षभर काम करता यावं म्हणून ओपीटीचा अर्ज करायचा असतो. तो अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. मी मार्चमध्येच केला आणि ४१० डॉलर भरले. १ एप्रिल २०२४ पासून तेच शुल्क ऑनलाइन अर्जाला ४७० आणि कागदी अर्जाला ५२० झालं. आचारसंहितेची एमपीआरई ही वेगळी परीक्षाही मार्चमध्ये दिली, न्यूयॉर्कला त्यात ८५ गुण लागतात. आचारसंहितेचा विषय ताजा असतानाच ती देऊन टाकावी.

बार परीक्षा ३० आणि ३१ जुलै २०२४ ला झाली. परदेशी पदवीधरांना शुल्क ७५० डॉलर, तिथल्या जेडीवाल्यांना (अमेरिकेतली कायद्याची मूळ पदवी असलेल्यांना) २५०. पहिल्या दिवशी लेखी, दुसऱ्या दिवशी दोनशे बहुपर्यायी प्रश्न. ४०० पैकी २६६ लागतात. मे ते जुलै मी दुसरं काहीही केलं नाही. तयारीचा कोर्स घ्यावा, पण त्याच्या वेळापत्रकामागे फरफटत जाऊ नये. लेखी उत्तरं रोज वेळ लावून लिहावीत, कारण आपल्याला भरघोस लिहायची सवय असते आणि इथे नियम, मग लागू करणं, मग निष्कर्ष, एवढंच हवं असतं. न्यूयॉर्कच्या कायद्यावरचा ऑनलाइन अभ्यासक्रम आणि त्याची पन्नास प्रश्नांची परीक्षा वेगळी असते. ती पुस्तक उघडून देता येते, तीस बरोबर आले की पास. ती मी आधीच उरकली होती.

निकाल ऑक्टोबरात. त्यानंतर चारित्र्य आणि योग्यतेची तपासणी सुरू होते. आजवर केलेल्या कायदेविषयक कामाबद्दल जिथे केलं तिथल्या वकिलांची प्रतिज्ञापत्रं, चांगल्या वर्तनाबद्दल दोघांची वेगळी, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचं ‘गुड स्टँडिंग’चं प्रमाणपत्र आणि पन्नास तासांचं प्रतिज्ञापत्र. माझ्या सीनियर सरांनी तालुक्याच्या ठिकाणी नोटरी करून कागद कुरिअरने पाठवले, फोनवर म्हणाले, “तुझ्या कामाबद्दल लिहायला दोन ओळी पुरल्या नाहीत, पुरवणी जोडलीय.” शिबिराच्या वकीलबाईंची सही मी मे महिन्यातच घेऊन ठेवली होती. डिसेंबरात त्या दुसऱ्या राज्यात गेल्या होत्या.

मुलाखत जानेवारीत झाली. छोटी होती, कर्जाबद्दल आणि भारतातल्या वकिलीबद्दल विचारलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या अपील न्यायालयात शपथ झाली. आईबाबा व्हिडिओवर थांबले होते पण आत फोन चालत नाहीत, म्हणून बाहेर येऊन रस्त्यावरून बोलले. आता मी इथल्या एका ना-नफा संस्थेत ग्राहक कर्जाचीच प्रकरणं बघते. पगार मोठ्या पेढ्यांच्या मानाने कमी आहे, त्यामुळे कर्जाचा हप्ता काटेकोरपणे आखावा लागतो. हा हिशोब अर्ज करण्याआधी घरच्यांसोबत बसून करा, लपवू नका.

पुढच्या वर्षीच्या ऑगस्टसाठी जायचं असेल तर विद्यापीठात उताऱ्याचा अर्ज या जूनमध्येच द्या, शिकल्याच्या तारखांच्या पत्रासह, दोन संच. पावतीवर शिक्का घ्या आणि अर्ज क्रमांक लिहून ठेवा.